घाट चढेनाशी झालेली स्कूटर



शेगडीवर दूध उतू गेलं, बर्नरची भोकं बुजली आणि ज्योत पिवळी पडली, तर आपण लगेच मोठी शेगडी आणायला बाजारात धावतो का? नाही ना? आपण टाचणी घेऊन बसतो, एकेक भोक मोकळं करतो, आणि पाच मिनिटांत पुन्हा निळीशार ज्योत! मग दाराशी उभ्या असलेल्या स्कूटरच्या बाबतीतच "इंजिनात दम नाही" हे दुसऱ्याचं बोलणं आपण निमूटपणे का ऐकून घेतो बरं?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या धाकट्या जाऊबाईंमुळे. ती परतवाड्याला राहते आणि चिखलदऱ्याच्या एका शाळेत शिकवते. जायचे तीसेक किलोमीटर, यायचे तितकेच. गाडी तिची स्वतःची, स्वतःच्या पगारातून घेतलेली ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर. गेल्या दिवाळीला भेटली तर चेहरा उतरलेला.

"काय सांगू ताई, चढावाच्या वळणावर गाडी अशी कण्हते, का मलेच वाटते उतरून ढकलावं. मागून एस.टी. येते, हॉर्न वाजवते. घाबरायला होते."

दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर त्याने गाडी न उघडताच सांगितलं, "ताई, इंजिनच लहान आहे. बोअर किट टाकून देतो, मंग पाहा कशी भन्नाट चढते!" खर्चाचा आकडा ऐकून भाऊजींचं मत पडलं, की एवढा पैसा ओतण्यापेक्षा गाडी विकावी, आणि जमत नसेल तर नोकरीचंही बघावं. म्हणजे बघा, प्रश्न गाडीचा होता, तो पोचला नोकरीपर्यंत! बसच्या वेळा सांभाळून शाळा, घर, मुलांचे डबे हे सगळं कसं जमायचं?

आता थोडं घाटाचं गणित पाहू. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे आपली आठेक अश्वशक्तीची स्कूटर आपल्याला सातशे मीटर वर उचलून नेते. वर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे सातशे मीटरला सात टक्के. शंभर रुपयांतले सात गेले तर संसार थांबत नाही. तशी सात टक्क्यांनी काही गाडी मरगळत नाही. जी गाडी नवी असताना हाच घाट चढत होती, तिची ताकद दुसरीकडे कुठेतरी गळत असणार. आधी ती गळती शोधायची.

आम्ही दोघी परतवाड्यातल्याच एका जुन्याजाणत्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. १९७२ साली आलेल्या लूनापासून त्यांचा हात यंत्रावर बसलेला. चढावर लूनाचे पायडल मारणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या, चेतकचा काजळी धरलेला सायलेन्सर जाळून साफ करून दिलेला, आणि १९८४ ची बिनगिअरची कायनेटिक होंडा आली तेव्हा तिचा पट्टाही त्यांनी उघडून पाहिलेला. त्यांनी गाडी आमच्यासमोर उघडली, आणि जे निघालं ते तुम्हांला क्रमाने सांगते. हाच क्रम तुम्हीही ठेवा, कारण यात स्वस्त गोष्टी आधी आहेत.

१. चाकातली हवा. मागच्या चाकात बरीच कमी होती. मऊ टायर म्हणजे ओल्या वाळूत चालणं. बरीच ताकद तिथेच वाया जाते. एकटीसाठी किती आणि मागे माणूस बसल्यावर किती, हे दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. हवा टायर थंड असताना, दर पंधरवड्याला बघावी.

२. अडकणारा ब्रेक. गाडी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा आणि चाक हाताने फिरवून पाहा. ते घासत, अडखळत थांबत असेल, तर ब्रेक फार कसलेला आहे. जाऊबाईंचा मागचा ब्रेक असाच होता. बिचारी गाडी रोज ब्रेक लावूनच घाट चढत होती!

३. हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर. आपल्या वऱ्हाडात काळ्या मातीची धूळ, त्यात हंगामात कापसाची कुसं. गाळणी काढली तेव्हा पिठाच्या चाळणीला ओलं पीठ चिकटावं तशी बुजलेली. इंजिनाला श्वासच नाही, तर ते दम कुठून आणणार? एक ध्यानात ठेवा, पुष्कळ गाड्यांची गाळणी तेलकट कागदाची असते. ती धुवायची नाही, फुंकायची नाही, सरळ बदलायची. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलली तरी आपल्या धुळीत ते वावगं नाही.

४. प्लग. काढून त्याच्या टोकाचा रंग पाहायचा. खरपूस भाजलेल्या रव्यासारखा तांबूस असेल तर ठीक. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. बुजलेल्या गाळणीमुळेही तो काळा होतो, म्हणून आधी गाळणी, मग प्लग. नवा प्लग फार महाग नसतो. त्याच वेळी टॅपेटची फटही तपासून घ्यावी.

५. पट्टा आणि रोलर. ही खरी मेख. बिनगिअरच्या गाडीत गिअर नसतात असं नव्हे. त्यांचं काम दोन चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा करतो. पुढच्या चाकात बहुधा सहा छोटे गोल रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला सरकतात, पट्ट्याला वर ढकलतात आणि गाडी आपोआप 'गिअर बदलते'. हे रोलर झिजले की एका बाजूने चपटे होतात. काकांनी आमच्या हातावर ठेवले तेव्हा ते बोटाने दाबलेल्या पेढ्यासारखे दिसत होते. असे रोलर जागच्या जागी अडकतात, म्हणून चढावर गाडीला हवा तो 'हलका गिअर' मिळतच नाही. रोलर बदलायचे तर सगळे एकदम बदलायचे. पट्ट्याला आतून भेगा पडल्या असतील किंवा तो झिजून अरुंद झाला असेल, तर तोही बदलायचा. पट्टा घाटात तुटला तर गाडी जागीच थांबते.

६. क्लच. इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही, असं होत असेल तर क्लचचे पॅड गुळगुळीत झाले असावेत. जाऊबाईंचे पॅड बरे निघाले; नुसती साफसफाई पुरली.

कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून 'पिकअप वाढवून देतो' असं कुणी म्हणालं, तर इतकंच लक्षात असू द्या, की त्या स्क्रूंनी मुख्यतः गाडी उभी असतानाची चाल सुधारते. घाट त्याने चढत नाही. आणि एप्रिल २०२० नंतर बनलेल्या बहुतेक स्कूटरांत पेट्रोलचं माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच ठरवते. तिथे फिरवायला स्क्रू नसतोच.

"पण काका, यात सुधारणा म्हणून काहीच करता येत नाही का?" मी विचारलं. ते म्हणाले, थोडे हलक्या वजनाचे रोलर बसवता येतात. त्याने इंजिन चढावर जरा चढ्या वेगात राहतं आणि जोर लागतो. मात्र सपाट रस्त्यावर पेट्रोल थोडं जास्त जातं. जड रोलर टाकले तर उलट. जाऊबाईंनी कंपनीच्याच वजनाचे घेतले. रोजचा अर्धा रस्ता सपाटीचा, मग उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?

आता त्या बोअर किटचं. बोअर किट म्हणजे मोठं सिलिंडर आणि मोठा पिस्टन. ताकद वाढते हे खरं. पण उष्णताही वाढते, आणि पट्टा, क्लच, ब्रेक मात्र जुन्याच मापाचे राहतात. चार माणसांच्या कुकरमध्ये आठ माणसांचा भात कोंबल्यासारखं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळा असा बदल गाडीत मनाने करता येत नाही. असं इंजिन बसवलं आणि उद्या अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडू शकते. फटाके फोडणारा सायलेन्सर तर मुळीच नको. चिखलदऱ्याभोवतीचं मेळघाट हे १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. तिथल्या जंगलाला आपला आवाज ऐकवून काय मिळवायचं?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. चढणारी गाडी उतरतेही, बरं का! ताकदीवर एक रुपया घालण्याआधी ब्रेकवर घाला. ब्रेकचे लायनर, केबल, टायरची नक्षी पाहून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा ए.बी.एस. सक्तीचा झाला, जाऊबाईंची गाडी त्या आधीची, म्हणून दोन्ही ब्रेक आपल्या हातांनी मिळून दाबायची सवय ठेवावी लागते. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं ही फार वाईट खोड. इंजिन चालू असलं की ते थोडं धरून ठेवतं. बंद केलं की सारा भार ब्रेकवर. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ब्रेक तापल्यासारखा वाटला तर कडेला दहा मिनिटं थांबा. गरम ड्रमवर पाणी ओतू नका. पावसाळ्यात धुकं दाटलं की घाईच करू नका. शाळेची घंटा दहा मिनिटं उशिरा ऐकली तरी चालते.

दुरुस्तीला गेलात की तीन गोष्टी न लाजता करा. एक, गाडी उघडताना तिथेच उभ्या राहा. दोन, काढलेला जुना भाग हातात मागून घ्या. तीन, काय बदललं आणि किती किलोमीटरला, ते वहीत लिहा. आपण वाण्याचा हिशोब लिहितो तसंच. आपल्याला यंत्रातलं सगळं कळायला हवं असं नाही. पण चपटा रोलर आणि गोल रोलर यांतला फरक लाडू वळणाऱ्या बाईला कुणी शिकवावा लागतो का?

एकूण खर्च बोअर किटच्या चौथाईतही आला नाही. रविवारी आम्ही दोघी निघालो, मी मागे. ज्या वळणावर गाडी पूर्वी पंधराच्या वेगाने कण्हत जायची, तिथे मला घेऊनही ती पंचविसाने चढली. विमान झालं नाही हो तिचं. तीव्र चढावर अजूनही बेताबेताने जाते, आणि एस.टी. आली की जाऊबाई बाजू देते. पण आता घाबरत नाही. येताना मोथ्याचा खवा घेतला. भाऊजींनी तो खाल्ला, गाडीच्या विक्रीचा विषय मात्र काढला नाही. सोमवारी सकाळी जाऊबाईंनी डबे भरले, चाकातली हवा पाहिली आणि शाळेला निघाली.

तुमच्या गाडीची तक्रार काय आहे, ते जरूर कळवा. पुढच्या वेळी पावसाळ्याआधी गाडीची कोणती कामं उरकून घ्यावीत, ते पाहू.