फायरप्लेसला काचेचे दार : निवडताना रात्रीचा विचार करा

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सिमल्याला एका मैत्रिणीकडे गेलो होतो. नवऱ्याच्या बदलीमुळे ती नागपूरहून थेट तिकडे जाऊन पोहोचली. घर भाड्याचे, पण इंग्रजांच्या काळातले. जाड भिंती, लाकडी जमीन आणि दिवाणखान्यात दगडी फायरप्लेस. संध्याकाळभर आम्ही सगळे त्या आगीभोवती शेंगा सोलत बसलो होतो.

रात्री साडेदहाला झोपायला उठलो आणि तिथे रोजचा वाद सुरू झाला. तिचा नवरा म्हणाला, ‘‘धुराड्याची झडप लावून टाकतो, नाहीतर सगळी ऊब वर निघून जाईल. आईंना पहाटे थंडी वाजते.’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘अहो, निखारे अजून लाल आहेत. झडप लावू नका.’’ दोघांचेही बरोबर होते. झडप उघडी ठेवली तर पहाटे घर गारठते. बंद केली तर विषारी वायू घरात साचतो.

या पेचावरचा उपाय म्हणजे फायरप्लेसचे काचेचे दार. पण अनेकजण ते शोभेची वस्तू म्हणून घेतात. पितळी चौकट बघतात, नक्षी बघतात आणि रात्री ते कसे वापरायचे हे कोणी विचारतच नाही. तुमचे घर सिमला, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग, शिलाँग, कुन्नूर यापैकी कुठे असेल किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या एखाद्या जुन्या बंगल्यात असेल आणि तिथे खरीखुरी लाकडाची फायरप्लेस असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

काचेचे दार नेमके काय करते?

उघडी फायरप्लेस दिसायला उबदार असते, पण ती खोलीतली हवा सतत ओढून धुराड्यातून बाहेर टाकते. ती हवा तुम्हीच तापवलेली असते. तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून गार हवा आत येते. म्हणून आगीसमोर चेहरा तापतो आणि पाठ गारच राहते. लाकडातली बहुतेक उष्णता अशीच वाया जाते.

आग पेटलेली असताना हे सहन करता येते, कारण समोर ज्वाळा असतात. खरा तोटा होतो तो आग मंदावल्यावर. निखारे फारशी ऊब देत नाहीत, पण धुराडे हवा ओढतच राहते. अशा वेळी काचेचे दार बंद केले की खोलीतली ऊब आत राहते आणि झडप उघडी असल्यामुळे निखाऱ्यांचा वायू वर निघून जातो. उडालेली ठिणगी गालिच्यावर पडत नाही, हा आणखी एक फायदा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. काचेचे दार धुराड्याच्या झडपेची जागा घेऊ शकत नाही. दार लावले म्हणून झडप बंद करायची नाही.

काच कोणती घ्यावी?

खिडकीची साधी काच इथे अजिबात चालत नाही. ती एका बाजूने तापली की तडकते आणि तिचे धारदार तुकडे उडतात. ‘‘जाड काच लावून देतो, काही होत नाही’’ असे गल्लीतला काचवाला सांगेल. त्याचे ऐकू नका. जाडी वाढल्याने काच उष्णतेला टिकत नाही.

पर्याय दोनच आहेत.

टफन्ड काच : ही साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सोसते. फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. किंमत तुलनेने कमी असते. पण मोठ्या ज्वाळांसमोर ही काच बंद ठेवायची नसते. आग जोरात असताना दारे पूर्ण उघडी ठेवून फक्त धातूची जाळी ओढायची आणि निखारे उरले की दारे लावायची. दारे अर्धवट उघडी ठेवणेही चूक आहे. त्याने धूर खोलीत येऊ शकतो आणि काच एकाच बाजूने तापते.

सिरॅमिक काच : ही साधारण ७०० अंशांपर्यंत टिकते. तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून अचानक गार-गरम झाली तरी तडकत नाही. आगीची ऊबही या काचेतून जास्त प्रमाणात खोलीत येते. दार आणि चौकट त्यासाठीच बनवलेली असतील तर आग पेटलेली असतानाही दार बंद ठेवता येते. अर्थात किंमत बरीच जास्त असते.

तुमच्या घरी संध्याकाळी दोन-तीन तास आग पेटत असेल आणि घरात लहान मूल नसेल, तर टफन्ड काच आणि चांगली जाळी पुरेशी आहे. रोज दिवसभर आग लागत असेल, तर सिरॅमिक काचेवर केलेला खर्च वाया जात नाही.

दार आतले की वरून बसणारे?

दाराची चौकट दोन प्रकारे बसते. एका प्रकारात ती फायरप्लेसच्या तोंडाच्या आत बसते. दुसऱ्या प्रकारात ती तोंडापेक्षा थोडी मोठी असते आणि बाहेरून भिंतीला टेकते.

भिंत सपाट असेल, म्हणजे गिलावा, संगमरवर किंवा गुळगुळीत विटा असतील, तर बाहेरून बसणारी चौकट सोपी पडते. मापातला थोडाफार फरक तिच्यामागे झाकला जातो. भिंत ओबडधोबड दगडाची असेल तर चौकट आणि दगड यांच्यात फटी राहतात. तिथे आत बसणारी चौकट घ्या आणि कडेने उष्णता सोसणारी फायबरग्लासची दोरी भरा. साधे सिलिकॉन वापरू नका, ते तापून खराब होते.

दारे उघडण्याचेही दोन प्रकार आहेत. कपाटासारखी दोन पाने असतील तर आग पूर्ण दिसते, पण पाने उघडायला पुढे मोकळी जागा लागते. घडीची चार पाने कमी जागेत मावतात, मात्र मध्ये चौकटीच्या जास्त पट्ट्या दिसतात. लाकडे आत टाकताना हात किती मोकळा राहतो, हे दोन्हींत आधी करून बघा.

मापे अशी घ्या

टफन्ड काच एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, घासून कमीही करता येत नाही. त्यामुळे माप चुकले तर पूर्ण काच वाया जाते.

• फायरप्लेस पूर्ण गार असताना माप घ्या.
• रुंदी तीन ठिकाणी मोजा : वर, मध्ये आणि खाली.
• उंचीही तीन ठिकाणी मोजा : डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. जुन्या घरांत ही तिन्ही मापे क्वचितच सारखी येतात.
• आत बसणाऱ्या चौकटीसाठी सर्वात लहान माप धरा, बाहेरून बसणाऱ्यासाठी सर्वात मोठे.
• तोंड कमानदार असेल तर फूटपट्टीवर विसंबू नका. मोठा पुठ्ठा लावून कमानीचा आकार उतरवून घ्या आणि तोच कारागिराला द्या.
• दोन्ही कर्ण मोजा. दोघांत फरक आला तर तोंड काटकोनात नाही, हे कारागिराला आधीच सांगा.

कारागिराला हे प्रश्न विचारा

आपल्याकडे फायरप्लेसची तयार दारे सहज मिळत नाहीत. बहुतेक वेळा फॅब्रिकेटरकडून चौकट बनवून घ्यावी लागते. ऑर्डर देण्यापूर्वी हे नक्की विचारा.

काचेवर शिक्का आहे का? टफन्ड काचेच्या कोपऱ्यात कायमचा ठसा असतो. भारतीय मानक आयएस २५५३ हे सुरक्षा काचेसाठी आहे. शिक्का नसेल तर काच घेऊ नका.

काच चौकटीत घट्ट दाबली जाणार आहे का? तसे असेल तर ती तापल्यावर फुगायला जागा उरत नाही आणि तडकते. काचेभोवती थोडी मोकळीक आणि उष्णता सोसणारी पट्टी हवी.

चौकट कशाची आहे? आगीच्या अगदी जवळ पोलाद उत्तम. पितळ सुंदर दिसते, पण तापून काळवंडते. रंग उष्णता सोसणारा हवा. पहिल्या एक-दोन वेळा लहान आग पेटवून खिडकी उघडी ठेवा, कारण नव्या रंगाचा वास येतो.

खाली हवेसाठी झरोका आहे का? दार बंद असताना निखाऱ्यांना हवा लागते. उघड-मिट करता येणारा झरोका नसेल तर आग धुमसत राहते आणि काचेवर काजळी धरते.

मुठीला हात लावता येईल का? धातूची मूठ तापते. लाकडी किंवा गुंडाळीच्या तारेची मूठ मागा.

लहान मुले आणि काच

काचेमागे आग दिसली की रांगणारे मूल हमखास तिकडे जाते. मोठ्यांना वाटते, दार बंद आहे म्हणजे धोका नाही. पण आग विझल्यावरही काच बराच वेळ तापलेली असते आणि तिच्या रंगावरून ते कळत नाही. अमेरिकेत काचेची समोरची बाजू असलेल्या गॅस फायरप्लेसमुळे मुलांचे हात भाजत होते. म्हणून २०१५ पासून तिथल्या मानकांनुसार काच साधारण ७८ अंशांहून जास्त तापणार असेल, तर तिच्यापुढे संरक्षक जाळी द्यावी लागते.

लाकडाच्या फायरप्लेसची काच याहून कितीतरी जास्त तापू शकते. म्हणून घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर काचेच्या दारापुढे हातभर अंतरावर वेगळे जाळीचे कुंपण लावा आणि ते भिंतीला अडकवा. नुसते उभे ठेवलेले कुंपण मुले ओढून पाडतात. पाळीव मांजरांसाठीही हे उपयोगी पडते.

झोपण्यापूर्वीची सवय

दरवर्षी हिवाळ्यात उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. कारण असते कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणसाला वाटते की थकवा आला आहे. तुमच्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो. म्हणून रोज रात्री एवढे कराच.

• झोपायच्या तासभर आधी नवे लाकूड टाकणे बंद करा.
• ज्वाळा गेल्या की जाळी ओढा, काचेची दारे पूर्ण बंद करा आणि झरोका थोडा उघडा ठेवा.
• धुराड्याची झडप उघडीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी राख पूर्ण गार झाली आहे हे बघूनच ती लावा. राखेखाली निखारे कित्येक तास जिवंत राहतात.
• स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. तो हवा बाहेर फेकतो, त्यामुळे धुराड्यातला धूर उलटा खोलीत येऊ शकतो.
• झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो हे काम करत नाही.

अलार्म वाजला किंवा घरातल्या दोघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि मग डॉक्टरांना बोलवा.

काच स्वच्छ कशी ठेवाल?

काच वारंवार काळी होत असेल तर दोष बहुधा लाकडाचा असतो. ओले सरपण धुमसते. चिरून किमान सहा महिने ते वर्षभर झाकून वाळवलेले लाकूड वापरा. चीडच्या लाकडात राळ जास्त असते, म्हणून ते आग पेटवायला थोडेसेच घ्या.

सफाईसाठी महागडे द्रव्य लागत नाही. काच पूर्ण गार झाल्यावर वर्तमानपत्राचा बोळा ओला करा, त्याला बारीक चाळलेली राख लावा, हलक्या हाताने पुसा आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. राखेत खडा नाही ना, ते बघा. तापलेल्या काचेवर पाणी कधीही टाकू नका. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवा. वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, धुराडे साफ करून घ्या. त्यात साचलेली चिकट काजळी पेट घेऊ शकते.

गॅस किंवा विजेची फायरप्लेस असेल तर?

विजेच्या फायरप्लेसला वेगळे दार लागत नाही. गॅसच्या उपकरणाची काच त्या उपकरणाचाच भाग असते, तिथे बाहेरची काच बसवू नका. बायोइथेनॉलची फायरप्लेस खोलीतलीच हवा वापरते आणि तिला धुराडे नसते. तिला काचेने पूर्ण बंद करणे धोक्याचे आहे.

मार्चमध्ये मैत्रिणीचा फोन आला. घरमालकांची परवानगी मिळाली होती. घरात लहान मूल नाही, म्हणून तिने टफन्ड काच घ्यायचे ठरवले. सासूबाईंनी स्वतः पुठ्ठा धरून कमानीचा आकार उतरवून दिला आणि नवऱ्याने तीन ठिकाणी माप घेतले. तिन्ही मापे वेगळी आली. मधल्या मापावर ऑर्डर दिली असती तर काच बसलीच नसती. थंडी संपल्यामुळे कारागीरही मोकळा होता. तुम्हालाही दार बसवायचे असेल तर तेही अशाच दिवसांत करून घ्या. ऑक्टोबरमध्ये घाई होते आणि घाईत माप चुकते.