सही तिची, कारभार कुणाचा?

‘आई, इथं अंगठा दे. बँकेचं काम आहे.’ सल्ला केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या कितीतरी हकिगती इथून सुरू होतात. कागद असतो कुलमुखत्यारपत्राचा. बाईला वाटते पेन्शन आणायची सोय झाली. कागदात मात्र घर विकण्यापर्यंतचे सगळे अधिकार लिहिलेले असतात.

या कागदाबद्दलची एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनाही फारशी माहीत नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा मनोविकल झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाने आईला व्यवहार कळेनासा झाला की कागद रद्द. ऐकायला बरे वाटते. पण हा आजार काही तारीख सांगून येत नाही. आणि बँकेला, दुय्यम निबंधकाला कळवणार कोण? कागद ज्याच्या खिशात, तोच! शिवाय कलम २०८ म्हणते की अधिकार संपल्याचे समोरच्याला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही. लुबाडणाऱ्याच्या हातात कागद चालूच राहतो, आणि प्रामाणिकपणे आईचे औषधपाणी करणारी लेक मात्र कायदा पाळायचा म्हटला की अडून बसते.

पक्षाघाताने बेशुद्ध पडलेल्या नवऱ्याच्या बायकोचेही तेच. खाते त्याच्या एकट्याच्या नावावर, इस्पितळाचे बिल हिच्या हातात. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयात जायची वाट होती. २०१७ च्या नव्या कायद्याने तीही ठेवली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारापुरताच. मग उच्च न्यायालयात रिट अर्ज. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा बेशुद्ध रुग्णांच्या पालक नेमणुकीसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. पण चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने नवऱ्याच्या पैशातून त्याचेच बिल भरायला उच्च न्यायालयाची पायरी चढायची?

इंग्लंडमध्ये १९८५ सालीच बुद्धी गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा कायदा झाला. त्याच्या जागी आलेल्या २००५ च्या कायद्यात असे पत्र नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही आणि सही करणाऱ्याला सगळे समजले आहे, दडपण नाही, असा दाखला त्रयस्थ व्यक्तीने द्यावा लागतो.

असा कायदा मागू या म्हटले की काही मैत्रिणी म्हणतात, मुलांच्या हातात आणखी एक हत्यार कशाला? भीती खोटी नाही. पण हत्यार आजही त्यांच्याच हातात आहे, आणि हिशेब विचारणारे कोणी नाही. शिवाय एकट्या, टाकलेल्या, बिनलग्नाच्या बायकांचा विचार करा. आपल्यामागे कारभार भाचीने पाहावा की मैत्रिणीने, हे शुद्धीत असताना ठरवून ठेवायचा हक्क त्यांना हवा. अट एवढीच, की सहीआधी तिच्याशी एकटीशी, तिच्या भाषेत कोणीतरी बोलले पाहिजे. राहते घर विकण्याचा अधिकार त्यात आपोआप येता कामा नये. आणि तिने नेमलेल्या दुसऱ्या माणसाला दरसाल हिशेब दाखवला पाहिजे.

तोवर बायकांना सांगायचे ते हे: एका कामापुरतेच मुखत्यारपत्र द्या. जुने कुलमुखत्यारपत्र रद्द करायचे तर शुद्ध आहे तोवरच लेखी करा. मूळ पत्र नोंदवलेले असेल तर रद्दपत्रही नोंदवा. मुखत्याराला आणि बँकेला नोंदणीसह स्पीड पोस्टाने कळवा, पोच जपून ठेवा आणि मूळ कागद मागून घ्या.