बालविवाह मुळातच रद्दबातल ठरावा!



ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की आपल्या जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांत लग्नांची घाई सुरू होते. मुकादमाची उचल मिळते ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाला जोडीदारीण हवी असते; वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटते. या दोहोंपायी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीची शाळा सुटते. दारिद्र्य हे याचे कारण आहे, समर्थन नव्हे.

आता कायद्याची स्थिती पाहा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने असा विवाह लावणे गुन्हा ठरविले; पण काही अपवाद सोडता, एकदा लागलेला विवाह वैधच ठेवला. तो नको असेल तर मुलीनेच न्यायालयाची पायरी चढावी, आणि तीही वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी! जिच्या हाती एस.टी.च्या भाड्याचे पैसे नाहीत, तिने सासर-माहेर दोहोंविरुद्ध दावा लावावा काय? उलटपक्षी, अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच तत्त्व आहे. म्हणजे संबंध गुन्हा, पण विवाह वैध!

कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून ही विसंगती दूर केली. तेथे बालविवाह आरंभापासूनच रद्दबातल ठरतो. महाराष्ट्रानेही तसेच करावे. मात्र मुलीचा निर्वाहखर्च आणि तिच्या अपत्यांचे हक्क अबाधित राहिले पाहिजेत.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना मुलांची लग्ने घाईने न करण्याचा उपदेश केला होता. धम्म स्वीकारलेल्या घरात तरी तो पाळला जावा. लग्न ठरविण्यापूर्वी मुलीचा जन्मदाखला पाहा. विधी लावणारा भटजी असो वा बौद्धाचार्य, जाणूनबुजून बालविवाह लावल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारी असे लग्न ठरल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवा. दंडाधिकारी ते मनाई हुकमाने थांबवू शकतात, आणि हुकूम मोडून लावलेले लग्न आजही मुळातच रद्दबातल ठरते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या उंबरठ्याआतला कायदा आजच बदलणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.