बंड पेटते, क्रांती रुजते

जतमध्ये वकिली करताना तरुण कार्यकर्ते भेटतात. मोर्चा झालेला असतो, निवेदन दिलेले असते, पुढे काहीच घडलेले नसते. मग एखादा चिडून म्हणतो, "वकीलसाहेब, कायद्याने काय होणार? आता बंडच!" त्याचा संताप खोटा नाही. पण बंड म्हणजे क्रांती नव्हे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आपल्या तालुक्याचेच पाहा. पाण्यासाठी तहानलेल्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन जतच्या 40 गावांवर दावा सांगितला, तेव्हा मुंबई खडबडून जागी झाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या चर्चेला वेग आला. हे बंड होते आणि ते न्याय्यही होते. बंड सत्तेला हलवते. पण कालव्याचे पाणी गावात आले म्हणजे ते कोणाच्या शेतात जाणार? ज्याला शेतच नाही त्याचे काय? हा प्रश्न बंड विचारत नाही. तो क्रांती विचारते.

महाडचा इतिहास हेच सांगतो. 1923 मध्ये बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. हक्क कागदावर आला, पाणी मात्र ओंजळीत आले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी आपल्या माणसांवर हल्ला केला. हात उगारण्याइतके बळ आपल्याकडे होते, पण बाबासाहेबांनी लोकांना आवरले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तहकूब केला. ही माघार होती काय? मुळीच नाही. गुलामीला धर्म ठरवणारा ग्रंथ जाळला आणि हक्काची लढाई कोर्टात नेली. पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला होता. त्यांची लढाई तळ्यापुरती नव्हती, ती समतेच्या पायाभरणीची होती.

म्हणून कायदा म्हणजे थंड बसणे नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले. त्याच भाषणात, सामाजिक व आर्थिक विषमता लवकर दूर झाली नाही तर तिची झळ सोसणारे लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असा इशाराही दिला. या दोन वाक्यांपैकी एकच उचलणारे बाबासाहेबांना अर्धेच वाचतात.

प्राचीन भारतात बुद्धाच्या क्रांतीनंतर प्रतिक्रांती आली, हे बाबासाहेबांनीच दाखवून दिले. माणसांची मने बदलली नाहीत, तर कायदा पुस्तकातच राहतो आणि जुनी व्यवस्था नव्या वेशात परत येते. आपल्याही घरात पोटजात मोजून सोयरीक होते. मग मनुस्मृती जाळली तरी कोणी?

तरुणांनो, मोर्चे काढा, पण मोर्चा संपल्यावर ग्रामसभेला बसा, माहितीचा अर्ज टाका, खटला शेवटपर्यंत लढवा आणि पंचशील घरात आणा. संताप एका दिवसात पेटतो. महाडच्या पाण्याचा निकाल यायला दहा वर्षे लागली, हे विसरू नका.

जयभीम!