जीपलाही खांदेमळणी हवी

मृग तोंडावर आला की आपण बियाणे, खते, औतफाटा यांची जुळवाजुळव करतो. परंतु डोंगरकडेच्या वाड्यावस्त्या ज्या जुन्या जीपच्या भरवशावर पावसाळा काढतात, तिच्याकडे कोणी बघत नाही. शेतीच्या पानावर जीपचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. कन्नड-सोयगावकडचे शेतकरी मात्र तसे म्हणणार नाहीत.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत अनेक वस्त्यांना डांबरी रस्ता शेवटपर्यंत जात नाही. पुढे काळी माती, ओढे आणि चढ. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, ही मोठीच सोय झाली. पण चिखलाच्या वाटेवर तिचाही इलाज चालत नाही. साप चावलेला गडी असो की अडलेली बाळंतीण, डांबरापर्यंत आणायचे काम गावातली एखादी जुनी फोर-व्हील जीपच करते. ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. हमरस्त्याची ही गत, तर वाडीच्या वाटेचे काय विचारता?

ऐन वेळी जीप बंद पडली की आपण म्हणतो, "म्हातारी झाली, आता विका." माझे मत वेगळे आहे. दोष वयाचा कमी आणि हयगयीचा जास्त आहे. १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून या गाडीचा सांगाडा साधा राहिला. कमानपाटे, जाड चॅसीस, सुटे करता येणारे भाग. तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ती खोलून जोडतो. अशी गाडी वेळेवर निगा मिळाली तर वर्षानुवर्षे साथ देते.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. जुवाने घासलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो, कारण काम त्या खांद्यावर आहे हे आपल्याला कळते. जीपच्या वाट्याला मात्र दसऱ्याचा झेंडूचा हार येतो, आणि खाली ग्रीसच्या निपलवर वर्षभराची माती तशीच!

तर जीपची खांदेमळणी कशी करायची? पहिले म्हणजे पावसाआधी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीस भरा. रेडिएटरच्या जाळीतला भुसा व माती धुवून काढा. घाटात इंजिन तापते ते बहुतेक वेळा याच कारणाने. होज पाईप आणि फॅन बेल्टला चिरा दिसल्या तर वाट न बघता बदला. ड्रममधले डिझेल टाकीत ओतत असाल तर ते गाळूनच घ्या आणि फिल्टरच्या तळाचे पाणी काढत जा. ओढा ओलांडल्यावर दोन-चार वेळा हलके ब्रेक दाबून ते सुकवून घ्या. पाणी अॅक्सलच्या वर गेले असेल तर तेल तपासा. तेल दुधाळ दिसले म्हणजे आत पाणी शिरले. लगेच बदलायला हवे.

फोर-व्हीलच्या गिअरची तर वेगळीच तऱ्हा. काही जण तो वर्षभर लावत नाहीत, मग चिखलात दांडा हलत नाही. महिन्यातून एकदा मऊ जमिनीत थोडे अंतर लावून चालवावा. उलट कोरड्या डांबरावर तो लावून पळवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्याचा ताण गिअरपेटीवर येतो. शिवाय गाडीत दोर, जादा बेल्ट, विजेरी, आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी असावी. काळ्या मातीत फळीवाचून जॅक खालीच रुततो. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही तगडी असो, थांबावे. फोर-व्हील चिखलातून काढते, पुरातून नाही.

आता कागदांचे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्यामुळे खात्यांच्या जुन्या जीपा निघाल्या. खाजगी जीपला १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण मिळते, ते पुढे दर ५ वर्षांनी करावे लागते. हा खर्च टाळून गाडी "गावातल्या गावात" चालवणारे आहेत. पण विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो, हे ध्यानात घ्या.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. जीप एकाची असते, पण अडीअडचणीला ती सगळ्या वाडीची होते. त्या रात्री डिझेलचे पैसे सगळे देतात, ग्रीसचे कोणी देत नाही. मग मालकही कंटाळतो आणि एक दिवस गाडी भंगारात जाते. नव्या फोर-व्हील गाडीची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. एक जीप गेली की त्या वाटेवरचा आधारच गेला म्हणायचे.

म्हणून ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना विनंती आहे. मे महिन्यात वाडीतल्या चालू स्थितीतल्या जीपांची आणि त्या हाकणाऱ्यांची यादी करा. मालकाच्या संमतीने त्यांचे फोन नंबर १०८ च्या शेजारी फलकावर लावा. पावसाआधीच्या दुरुस्तीला वाडीने घरटी थोडी वर्गणी काढावी. वाट वाहून गेली असेल तिथे श्रमदानाने मुरूम टाकावा. या कामाला मंत्रालयातून जी.आर. येण्याची गरज नाही. बैलाचा खांदा सुजल्यावर औषध शोधण्यापेक्षा आधी मळणी बरी, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते. यंदा मृगाआधी एक दिवस जीपसाठी काढा.