‘आहे’ला एक दिवस सुट्टी

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं चुकतमाकत का होईना, बोलतात. वह्या काढायला सांगितलं की मात्र पेन्सिलींना टोकं करायचा कार्यक्रम सुरू होतो. त्यांना आळशी ठरवणं सोपं आहे. पण आठवडाभर इंग्रजीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाने ‘माझा आवडता सण’वर दहा ओळी लिहायच्या म्हणजे त्याला विषय सुचायला हवा, शब्द आठवायला हवेत, जोडाक्षर जमायला हवं आणि वेलांटी पहिली की दुसरी तेही ठरवायला हवं, सगळं एकदम. यातलं ‘काय लिहू?’ हे ओझं खेळ उतरवतो. म्हणून लेखनाच्या तासाला निबंधाआधी खेळ हवा, असं माझं ठाम मत आहे.

इटालियन बालसाहित्यकार जानी रोदारी यांनी १९७३मध्ये गोष्टी रचण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक युक्ती अशी: एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालून द्यायची. आमच्या वर्गात चिठ्ठ्या उचलल्यावर एकाच्या वाट्याला ‘कुकर’ आणि ‘पेंग्विन’ आले. एरवी नावापलीकडे न लिहिणाऱ्या त्या मुलाने लिहिलं, ‘पेंग्विन कुकरमधे बसला. तिन शिट्या जाल्या. तो म्हणाला अजून थंडी वाजते.’ वर्ग खो-खो हसला. शेजारणीने मोठ्याने वाचताना ‘जाल्या’वर अडखळून दाखवलं, तेव्हा ‘झ’ कसा काढायचा हे त्यानेच येऊन विचारलं.

दुसरा खेळ घडीच्या कागदाचा. १९२०च्या दशकात पॅरिसचे अतिवास्तववादी कवी तो खेळत. आपण त्याला मराठी वळण देऊ: कोण, कुठे, कोणाबरोबर, काय केलं. प्रत्येकाने एक तुकडा लिहायचा, कागद दुमडायचा आणि पुढे द्यायचा. उघडल्यावर निघतं, ‘माझी आजी विमानतळावर गणपतीबरोबर नाचला.’ लगेच चहूकडून ओरडा, ‘नाचली! नाचली!’ परदेशात वाढणारी मुलं हमखास अडखळतात ती लिंगावर आणि क्रियापदावर. तिथे मुलंच एकमेकांना सुधारतात, बाईंना लाल पेन काढावं लागत नाही.

तिसरा खेळ बंदीचा. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी १९६९मध्ये ‘e’ हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. आपण फक्त ‘आहे’ला एक दिवस सुट्टी देऊ. ‘माझी आई डॉक्टर आहे. ती छान आहे. तिचं नाक लांब आहे’ असं लिहिणारी मुलगी मग ‘आई पेशंट तपासते, घरी आल्यावर माझ्यावर ओरडते’ इथवर येते. आता कुठे ती आई दिसायला लागते.

‘खेळायलाच पाठवायचं तर मराठी शाळा कशाला?’ आणि ‘शुद्धलेखनाचं काय?’ हे पालकांचे प्रश्न रास्त आहेत. खेळाच्या नावाखाली नुसता दंगा नको. प्रत्येक खेळाच्या शेवटी कागदावर मजकूर उरला पाहिजे आणि तो कोणीतरी वाचला पाहिजे. शुद्धलेखनही हवंच, पण कोऱ्या वहीत दुरुस्त काय करणार? आधी लिहू द्यावं, मग त्यातली एकच चूक निवडून सगळ्या वर्गाला शिकवावी. गुण, तारे आणि चॉकलेटं मात्र नकोत. बक्षिसासाठी लिहिणारं मूल बक्षीस मिळेपर्यंतच लिहितं.

आपल्या मराठी मंडळाकडे एक मागणी आहे. दरवर्षीच्या निबंध स्पर्धेत जिंकणारे बहुतेक निबंध आई-बाबांच्या अक्षरवळणाचे असतात, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. यंदा ती स्पर्धा बंद करून मंडळाच्या अंकाची चार पानं वर्गात खेळता खेळता लिहिलेल्या मजकुराला द्यावीत. पालकांच्या मदतीवाचून लिहिलेलं तेवढंच छापावं, दोन ओळी असल्या तरी चालतील.