बोनेअरला शिस्त, मालवणला सूट

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर तुम्ही प्रवाळाला बोट लावणार नाही, याची मला खात्री आहे. मालवणात त्याच प्रवाळावर उभे राहून फोटो काढाल, याचीही जवळजवळ तेवढीच खात्री आहे. हे वाचून राग आला असेल तर बरंच आहे. पुढचं सगळं त्या रागासाठीच लिहिलंय.

मी ब्राउनश्वाइगमध्ये संशोधन करते. इथून समुद्र दोन-तीन तासांवर, तोही थंड आणि करडा. तरीही आपल्या मराठी मंडळींत डायव्हिंगचं वेड गेल्या काही वर्षांत चांगलंच वाढलंय. हिवाळ्यात जलतरण तलावात धडे, उन्हाळ्यात हेमोरच्या जुन्या खडूखाणीत साठलेल्या तळ्यात सराव. तिथे खाली पाणी इतकं गार की बोटं बधिर होतात आणि बघायला काय, तर बुडवलेला एक ट्रक. मग सुट्टी जमली की इजिप्त. पैसे जरा जास्त साठले की अ‍ॅमस्टरडॅममार्गे बोनेअर. या प्रत्येक टप्प्यावर आपण किती गुणी असतो! डॉक्टरकडून तपासून घेतो, पुस्तक वाचतो, परीक्षा देतो, तरंगण्यावर ताबा येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाण्यात उतरतो.

बोनेअरची कथा तुम्हाला ठाऊक असेल, पण ती थोडक्यात सांगते, कारण मुद्दा तिच्यातच आहे. त्या बेटाने १९७१ साली भाल्याने मासे मारणं बंद केलं आणि १९७५ साली प्रवाळ तोडणं. १९७९ साली बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून जाहीर झाला. तिथे प्रवाळावर नांगर टाकता येत नाही, होड्या ठरलेल्या बोयांना बांधाव्या लागतात. हातमोजे घालायचे नाहीत, कारण हातमोजा घातला की माणसाचा हात आपोआप आधार शोधतो. निसर्ग शुल्क भरावं लागतं. आणि तुम्ही कितीही अनुभवी असा, आधी माहिती ऐकून घ्यायची, मग किनाऱ्याजवळ एक चाचणीची डुबकी, त्यानंतरच बाकीचा समुद्र मोकळा. यातलं काहीही आपल्याला जाचक वाटत नाही. उलट परत आल्यावर आपण कौतुकाने सांगतो, "काय शिस्त आहे हो तिकडे!"

आता डिसेंबर येतो. आपण भारतात जातो. चार दिवस पुणे, दोन दिवस नातेवाईक, आणि मग मुलांना कोकण दाखवायचं म्हणून तारकर्ली. किनाऱ्यावर पाटी असते: किल्ला, पॅरासेलिंग, बनाना राइड आणि स्कूबा, सगळं एका पॅकेजात, व्हिडिओ फुकट. इथे डॉक्टर नाही, पुस्तक नाही, तलाव नाही. होडीत दोन मिनिटं खाणाखुणा शिकवतात, तोंडात नळी देतात आणि एक मुलगा मागून टाकी धरून खाली नेतो. दहा-पंधरा मिनिटांत मासे गोळा व्हावेत म्हणून पाव कुस्करला जातो, कॅमेऱ्यासाठी खडकाला धरायला सांगतात, पाय टेकतात, अंगठा वर होतो. झालं स्कूबा. आणि ज्याच्या पाकिटात आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं कार्ड आहे तोही हसत हसत पाय टेकतो. वर येऊन म्हणतो, "इकडे काय, टाइमपास. खरं डायव्हिंग कॅरिबियनमध्ये."

मालवणातले सगळेच असं करतात असं माझं म्हणणं नाही. नीट काम करणारेही तिथे आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्याकडे न जाणाऱ्या आपल्याबद्दल आहे.

आपण ज्यावर पाय ठेवतो ते काय आहे, हे एकदा नीट पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ साली कुरटे बेटावर झाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. किल्ल्याच्या दगडांवर कुणी नाव कोरलेलं दिसलं तर आपलं रक्त उसळतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच किल्ल्याभोवतालच्या पाण्यातले खडकही संरक्षित आहेत. एप्रिल १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचं क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. त्याचा गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर, आणि त्यात पद्मगड येतो. इथल्या प्रवाळांना बोनेअरसारखं निळंशार पाणी मिळालेलं नाही. पावसाळ्यात येणारा गाळ, गढूळपणा, भरती-ओहोटी हे सगळं सोसत ती खडकांना धरून जगतात. गोलसर वाढणारं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतं. हाताच्या पंजाएवढी वसाहत तुमच्या मुलापेक्षा वयाने मोठी असू शकते.

आणि कायदा? २००१ पासून ही प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. ताडोब्यात जीपमधून उतरून वाघाच्या शेपटीवर पाय देणारा माणूस आपल्याला वेडा वाटेल. मालवणात पाय देणाऱ्याचा व्हिडिओ आपण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो आणि वर पन्नास अंगठे येतात.

हे मांडलं की मला चार उत्तरं ठरलेली मिळतात.

पहिलं उत्तर: तिथे नियमच पाळले जात नाहीत, मग मी एकट्याने काय करू? पण बोनेअरला तुम्ही नियम पाळता ते काय पाण्याखाली पोलीस उभा असतो म्हणून? नाही. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि वरची पातळ त्वचा खरवडली तर ती मरते, हे तुम्हाला शिकवलंय म्हणून पाळता. ते ज्ञान मोपा विमानतळावर उतरल्यावर गळून पडत नाही. मुंबईहून पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या माणसाला माहीत नसेल तर मी त्याला दोष देणार नाही. तुम्हाला देईन, कारण तुम्हाला माहीत आहे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: तिथल्या लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, परदेशात बसून उपदेश करू नका. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. १९८७ चं अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. रापण ओढणाऱ्या माणसाला वाटलं, आपला समुद्र कागदावर रेघ मारून काढून घेतला जातोय. पुढे मासळीची मिळकत बेभरवशाची झाली आणि कित्येक घरांनी पर्यटनाचा आधार घेतला. पण म्हणूनच विचारते, हे पोट कशावर चालतं? पाण्याखाली बघण्यासारखं काही आहे, यावर. ते संपलं की तुम्ही पुढच्या किनाऱ्यावर जाल. त्या मुलाला जाता येणार नाही. आणि पोटापाण्याची एवढी काळजी असेल, तर किनाऱ्यावर उभं राहून शंभर रुपयांची घासाघीस कोण करतं? युरो कमावणारा माणूस बोनेअरचं निसर्ग शुल्क न कुरकुरता भरतो आणि मालवणात "शेजारचा कमी सांगतोय" म्हणून भाव पाडतो. भाव पाडला की वेळ कमी होतो, एका फेरीत माणसं वाढतात, शिकवणं गाळलं जातं. टाकी धरणारा मुलगा दिवसभरात कितीदा वर-खाली करतो, त्याच्या कानांचं आणि फुप्फुसांचं काय होतं, याची किंमत त्या पॅकेजात नसते. स्वस्ताई त्याच्या शरीरातून वसूल होते.

तिसरं उत्तर आपल्या शिकलेल्या लोकांचं लाडकं आहे: समुद्र तापतोय, प्रवाळ तसंही मरणार, माझ्या दहा मिनिटांनी काय फरक पडतो? समुद्र तापतोय हे खरं आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त काही आठवडे तापलं, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी अशी घटना अधिकृतपणे जाहीर झाली. मालवणची प्रवाळंही पांढरी पडल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. पण पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी निवलं तर ते सावरू शकतं, जर मधल्या काळात कुणी त्याला तोडलं नाही, गाळाने गाडलं नाही, तर. आजारी माणसाच्या छातीवर उभं राहून "तसाही जाणारच होता" म्हणणं याला तर्कशास्त्र म्हणत नाहीत. शिवाय समुद्र तापवण्यात कुणाचा वाटा मोठा? वर्षातून दोनदा खंड ओलांडणाऱ्या आपला, की होडी वल्हवणाऱ्या मालवणच्या माणसाचा? त्यामुळे हे उत्तर निदान आपल्या तोंडी शोभत नाही.

आणि कॅरिबियन म्हणजे न बिघडलेला स्वर्ग, हाही गैरसमज आहे. १९८३-८४ मध्ये तिथल्या लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळी रोगाने जवळजवळ नाहीशा झाल्या. त्या शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा ठेवत. त्या गेल्या आणि कित्येक खडक शेवाळाने झाकले गेले. २०१४ साली फ्लोरिडात दिसलेला प्रवाळांचा नवा रोग पुढे बेटामागून बेटं घेत सुटला. बोनेअरलाही तो पोचला. म्हणजे शिस्त हे अमृत नाही. पण ज्यावर आपला इलाज चालत नाही असे घाव आधीच इतके असताना, ज्यावर चालतो ते टाळणं एवढंच माणसाच्या हातात उरतं. बोनेअरने ते ओळखलं.

चौथं उत्तर: हे सरकारचं काम. अर्थातच आहे. सरकारने काही केलंही आहे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, सरावाच्या तलावासह. नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पर्यटन उभं करायची योजना आहे, २०२५ मध्ये ती महामंडळाकडे सोपवली गेली. नवं आकर्षण येणार म्हणजे नवी गर्दी येणार. दुसरीकडे २०२० साली 'मरीन पोल्यूशन बुलेटिन' या शोधपत्रिकेत मालवण अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या नुकसानीवर शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकातच बेजबाबदारपणाचा उल्लेख आहे. आणि २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. अशा वेळी आपण चार दिवस हळहळतो, यंत्रणेला शिव्या देतो आणि पुढच्या डिसेंबरला पुन्हा सगळ्यात स्वस्त पाटीखाली उभे राहतो. सरकारला जाग यायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर धंद्याला त्याच दुपारी कळतं.

मी ज्या शहरात राहते तिथे जर्मनीची अधिकृत वेळ सांगणारी अणुघड्याळं आहेत. इथे राहून आपल्या अंगात मोजमापाची खोड मुरते. ट्रेन सहा मिनिटं उशिरा आली तर आपण तक्रार नोंदवतो. ती खोड सुट्टीतही बरोबर न्या, एवढंच माझं मागणं आहे. पैसे देण्याआधी विचारा: मला बरोबर नेणाऱ्याकडे कोणतं प्रशिक्षण आहे? एका वेळी तो किती जणांना नेतो? मुखवट्यात पाणी शिरलं तर काय करायचं, हे उथळ पाण्यात करून घेणार का? दम्याबद्दल, हृदयविकाराबद्दल विचारणार का? होडीत प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आहे का? नांगर कुठे टाकता? पाव टाकता का? उत्तरं पटली नाहीत तर उठून या. पटली तर सांगितलेली किंमत द्या, आणि वर शंभर रुपये द्या. खाली गेल्यावर खडकाला धरू नका, फोटो हुकला तरी.

त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या वेळी शिक्षणच तिथे घ्या. तुमच्या मुलीने पहिलं प्रमाणपत्र इजिप्तमध्ये घेण्याऐवजी तारकर्लीत घेतलं तर काय बिघडेल? पाणी जरा गढूळ असेल. पण मराठीत शिकवणारा शिक्षक मिळेल, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं एक मोठं प्रवाळक्षेत्र आहे, आंग्रिया बँक, हे तिला कळेल. हे नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बोनेअरच्या डझनभर डाइव्ह साइट्स पाठ असणाऱ्यांनी याचं उत्तर स्वतःलाच द्यावं.

"आमचं कोकण" हे शब्द परदेशात फार सहज तोंडात येतात. गणपतीत, सोलकढीच्या ग्लासावर, एखाद्या जुन्या गाण्यावर. जे आपलं म्हणतो त्याला आपण परक्याच्या घरापेक्षा जास्त जपतो, निदान तेवढं तरी जपतो. ज्या पायांना कॅरिबियनमध्ये तरंगायला जमतं, त्यांना मालवणातही जमायलाच हवं.